वाळायला लागणारा वेळ

मालक म्हणाले, मेरगू, दुसरं दुकान कुठं टाकायचं ते तू सांग,
तू फिरतोस सगळी गावं.
कागदावर लिही. वाढ किती, पाणी किती, हवा कशी.
मी बॅगेत नमुन्याचा एक टॉवेल टाकला,
निळ्या किनारीचा, तीस बाय साठ,
आणि रात्रीची एसटी धरली.

कोल्हापुरात आंघोळ करून तो लॉजच्या गॅलरीत टांगला.
रंकाळ्याकडनं वारा येत होता, ओला,
घरातल्या माणसासारखा न विचारता आत शिरणारा.
सकाळी टॉवेल होता तसाच.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी त्याला वास लागला.
दुकानदार म्हणाला, पाणी आमच्यात कोण मोजत नाही.
खरं होतं. त्याच्या दारातला नळ गळत होता
आणि बोलता बोलता मी उठून बंद केला.
तो बघत राहिला.

सांगलीत भिंतीवर पुराची रेघ, माझ्या खांद्याच्या वर.
बिरनाळे म्हणून एक म्हातारे, होजिअरीवाले,
रेघेखाली नुसते रिकामे खोके रचतात.
नदी जवळ असणं चांगलंच, म्हणाले,
फक्त किती जवळ ते तिला ठरवू देऊ नये.

लातूरला गल्लोगल्ली क्लास, खोलीत चार पोरं,
चार टॉवेल, एक बादली.
दोरीवर बघितलं तर आमचाच माल निम्मा.
एका उन्हाळ्यात इथं पाणी रेल्वेनं आलं होतं.
लोक अजून सांगतात, सोयरा आल्यासारखं,
किती वाजता आलं, किती डबे होते.

कलबुर्गीत रस्ते रुंद झालेत.
शरणप्पानं तूरडाळ बांधून दिली,
आकाशाकडं बोट केलं, म्हणाला, बिसलु भाळ.
टॉवेल तासाभरात कोरडा.
मला जरा रागच आला.
हे आमचं होतं.

कारण आमच्यात, विडी घरकुलात,
आंघोळ करून तारेवर टाकावा,
सदऱ्याची बटणं लावून होईपर्यंत
तो कडक भाकरीसारखा उभा राहतो.
पाणी पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
नागमणी पिंपाशी बसून झोपते,
पाइपातनं हवा फुसफुसली की जागी होते.
आजोबा तेलंगणातनं आले ते इथंच का थांबले,
तर रंगवलेलं सूत दुपारच्या आत वाळायचं म्हणून,
असं घरात सांगतात.
पाण्यासाठी इथं कोणीच थांबलं नव्हतं.

कागदावर एक रकाना होता, निसर्ग.
त्यासाठी मी हिप्परग्याला जाऊन बसलो एका संध्याकाळी.
तळं मागं सरलेलं, चिखलावर पायांचे ठसे,
बदकं होती, मोजता मोजता उडाली.
गुरं घेऊन चाललेला एक पोरगा म्हणाला,
नान्नजच्या माळावर माळढोक आहे, खरंच.
तू पाहिलास?
नाही, पण आहे.
मी रकान्यात आधी 'तळे' लिहिलं,
मग 'माळ',
मग बराच वेळ पेन तसंच धरून
'ऊन' लिहिलं. त्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं
आणि खोडलं.

मालकांनी कागद नीट वाचला. चष्मा पुसला.
दुकान पुण्यात टाकलं.
तिथं आपलीच पोरं आहेत सगळी, म्हणाले.

बॅग रिकामी करताना नागमणीला टॉवेल सापडला.
घडीत कोल्हापूरचा वास होता अजून, कुबट.
मी म्हटलं, धुवायला टाक.
तिनं नाकाशी धरला,
पाण्याचा आहे, म्हणाली,
आणि खुंटीला लावला.
बघू, म्हणाली. आज तिसराच दिवस.